वाजवणाऱ्याची गिटार

गिटार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातला नायक उभा राहतो. सपाट पोटाची, मधोमध गोल भोक असलेली गिटार गळ्यात अडकवून तो डोंगरावर गाणे म्हणतो. ती गिटार आता आपल्या वस्तीतल्या पोरांच्या हातातही दिसू लागली आहे, चांगलीच गोष्ट आहे. पण या वेळी जिच्याबद्दल लिहायचे आहे ती गिटार निराळी. तिचे पोट व्हायोलिनसारखे फुगीर असते आणि गोल भोकाच्या जागी दोन बाजूंना इंग्रजी एफ अक्षरासारख्या दोन खाचा असतात. अमेरिकेत तिला आर्चटॉप म्हणतात, म्हणजे कमानदार पोटाची. जॅझ संगीत वाजवून पोट भरणाऱ्या वादकांचे हे हत्यार.

अमेरिकेतल्या जुन्या गिटारींशी आपले काय देणेघेणे, असे काही वाचक म्हणतील. ज्याच्या कष्टाने वस्तूला नाव मिळाले त्याच्याच हातून ती वस्तू कशी निसटते, हे या गिटारीच्या गोष्टीत स्वच्छ दिसते. म्हणून ही उठाठेव.

आधी ती बनते कशी ते पाहू. वरची फळी स्प्रूस नावाच्या झाडाची आणि पाठ मेपलची. जाड फळी घेऊन ती छिन्नीने, रंध्याने आतून-बाहेरून कोरत न्यायची. भारी गिटारीत ही कमान फळी वाकवून आणलेली नसते, लाकूड कोरूनच काढलेली असते. तारा ज्या घोडीवर टेकतात ती घोडी चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबावर उभी राहते. तारांचा दाब घोडीतून पोटावर खाली पडतो, त्यामुळे आवाज टणक, आखूड आणि लांब जाणारा येतो. गोड लांबट झंकार हवा असेल त्याने सपाट गिटार घ्यावी.

असा आवाज हवा होता तो गरजेपोटी. अमेरिकेत कालामाझू नावाच्या गावात गिब्सन कंपनीने १९२२ साली एल-५ ही गिटार काढली. लॉइड लोअर हा माणूस तेव्हा तिथे वाद्यांच्या रचनेचे काम पाहत होता. पुढे मोठमोठ्या नाचघरांतून पंधरा-पंधरा वादकांचे ताफे वाजू लागले. तुताऱ्या, सॅक्सोफोन, ड्रम. त्या गदारोळात विजेच्या मदतीशिवाय ऐकू जाईल अशी गिटार हीच. १९२०च्या दशकाच्या अखेरीस एल-५ ची किंमत २७५ डॉलर होती. मजुराला सहज परवडणारी ती किंमत नव्हती, पण वादक हप्त्याने, उधारीने घेत, कारण तिच्यावरच रोजी होती.

या गिटारीवर आयुष्य काढलेला माणूस पाहायचा तर फ्रेडी ग्रीन पाहावा. हा काळा वादक १९३७ साली काउंट बेसीच्या ताफ्यात आला आणि १९८७ साली वारला तोवर त्याच ताफ्यात वाजवत राहिला. पन्नास वर्षे! एवढ्या काळात एकट्याने पुढे येऊन वाजवल्याचे प्रसंग जवळजवळ नाहीतच. मात्रेच्या चार ठोक्यांना चार आघात, बस्स. तारा इतक्या उंच बांधलेल्या की दुसऱ्या कुणाची बोटे दुखावीत. सगळे म्हणत, फ्रेडीची गिटार ऐकू येत नाही, पण ती थांबली की ताफा लंगडा पडतो. आपल्या गायन पार्टीत जो कोरस धरतो आणि टाळ सोडत नाही, त्याची किंमत आपण किती करतो, हा प्रश्न फ्रेडी ग्रीनची जुनी रेकॉर्ड ऐकताना मनात येतोच.

१९३६ साली गिब्सनने याच जातीच्या गिटारीला विजेचे यंत्र जोडून ई एस-१५० काढली. तिला खरा आवाज दिला चार्ली ख्रिश्चन या तरुणाने. ओक्लाहोमा शहरात गरिबीत वाढलेला मुलगा. बाप आंधळा, पोरांना बरोबर घेऊन गोऱ्यांच्या वस्तीत गाणीबजावणी करून पैसे आणायचा. चार्लीने शाळेत असताना सिगारच्या खोक्यांची वाद्ये बनवली होती, असे त्याच गावचे लेखक राल्फ एलिसन यांनी लिहून ठेवले आहे. १९३९ साली बेनी गुडमन या गोऱ्या बँडमास्तराने त्याला घेतले आणि मागच्या रांगेत ठोके धरणारी गिटार पुढे येऊन सॅक्सोफोनच्या बरोबरीने बोलू लागली. रात्री गुडमनचा कार्यक्रम, आणि तो संपला की हार्लेममधल्या मिंटन्सच्या हॉलमध्ये पहाटेपर्यंत वाजवणे. पण क्षयाने गाठले. २ मार्च १९४२ रोजी तो गेला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. टेक्सासमधल्या त्याच्या कबरीवर कित्येक वर्षे नावाचा दगडही नव्हता. आणि त्याने वाजवली त्या प्रकारच्या गिटारीतल्या यंत्राला आज दुकानदार 'चार्ली ख्रिश्चन पिकअप' म्हणतात, त्या नावावर किंमत लावतात.

वादकांची युनियन होती की नाही? होती, १८९६ सालापासून. पण अनेक शहरांत काळ्यांची शाखा वेगळी आणि गोऱ्यांची वेगळी. लॉस एंजेलिसमध्ये त्या दोन शाखा १९५३ साली एक झाल्या, शिकागोत तर १९६६ साली. गिरणीतल्या साचेखात्याची गोष्ट ज्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

वेस माँटगोमेरीची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते. इंडियानापोलिसचा हा माणूस. चार्ली ख्रिश्चनची रेकॉर्ड ऐकली, गिटार विकत आणली आणि कानाने ऐकून एकेक जागा उतरवून काढली. स्वरलिपी त्याला कधीच वाचता आली नाही. बायको-लेकरांचे मोठे कुटुंब. म्हणून दिवसा कारखान्यात पाळी, संध्याकाळी थोडी झोप, रात्री एका बारमध्ये वाजवायचे आणि तो बंद झाला की दुसऱ्यात पहाटेपर्यंत. घरी सराव करताना शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून त्याने नखीऐवजी अंगठ्याने छेडायला सुरुवात केली. चाळीत राहणाऱ्या वाचकाला ही अडचण समजावून सांगायला नको. आणि त्या अडचणीतून आलेला अंगठ्याचा मऊ, गोल आवाज पुढे जगभर गाजला! १९५९ साली कॅनॉनबॉल अ‍ॅडर्ली या वादकाने त्याला ऐकून रेकॉर्ड कंपनीला कळवले. नंतर गिब्सनने त्याच्यासाठी एल-५ गिटारी मुद्दाम बनवून दिल्या. पण १९६८ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. इतकी वर्षे दोन-दोन पाळ्या केलेले शरीर होते ते.

आता या गिटारी बनवणाऱ्यांकडे वळू. न्यूयॉर्कमध्ये केनमेअर रस्त्यावर जॉन डी'अँजेलिको या इटालियन कारागिराचे छोटे दुकान होते. १९३२ पासून १९६४ साली मरेपर्यंत त्याने अकराशेंहून थोड्या जास्त गिटारी हाताने बनवल्या. गिऱ्हाईक आत येई, वाजवून दाखवी, त्याचा हात पाहून गिटारीची मान किती जाड ठेवायची ते ठरे. त्याच्या हाताखाली शिकलेल्या जिमी डी'अक्विस्टोने हे काम पुढे चालवले, तोही १९९५ साली गेला. या घराण्याच्या गिटारी २०११ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मांडल्या गेल्या. कारागिराचा मान झाला, आनंद आहे. कालामाझूची कथा वेगळी. १९८४ साली गिब्सनने तिथला जुना कारखाना बंद करून सगळे काम नॅशव्हिलला नेले. तिथे जायला तयार नसलेल्या काही जुन्या कामगारांनी १९८५ साली त्याच इमारतीत हेरिटेज नावाची आपली कंपनी काढली आणि तशाच गिटारी बनवू लागले. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे बंद झालेले ज्यांनी पाहिले, त्यांच्या मनात इथे काय येईल ते मी लिहीत नाही.

पण या गिटारी आज आहेत कुणाकडे? चांगल्या स्थितीतल्या जुन्या एल-५ ची किंवा डी'अँजेलिकोची किंमत हजारो डॉलरांत असते. त्यामुळे पुष्कळशा गिटारी डॉक्टर, वकील, शेअरवाले यांच्या कपाटात गेल्या. आपल्याकडे कसेल त्याची जमीन म्हणत होतो, तसे वाद्याचे म्हणायला गेले तर हे लोक हसतील. त्यांचेही एक म्हणणे आहे, ते सांगितले पाहिजे: आम्ही जपल्या नसत्या तर या गिटारी बारमधल्या धक्काबुक्कीत केव्हाच मोडल्या असत्या. यात थोडे तथ्य आहे, पण थोडेच. जुन्या आर्चटॉपवर तारांशेजारी बोटे टेकायला सेल्युलॉइडची पट्टी असते, कडेलाही तीच. हे सेल्युलॉइड जुने झाले की कुजते आणि त्यातून आम्लाचा धूर सुटतो. पेटी वर्षानुवर्षे बंद राहिली तर तो धूर आतच कोंडतो, तारा गंजतात, सोनेरी मुलामा हिरवा पडतो, रंगाचे पापुद्रे निघतात. रोज पेटी उघडून वाजवणाऱ्याच्या हे लगेच ध्यानात येते. तो पट्टी काढून वेगळी ठेवतो, नवी बसवून घेतो. कुलपात ठेवणाऱ्याला कळते तेव्हा वेळ गेलेली असते.

वाजवणाऱ्याचे हालही कमी नाहीत. पोकळ पोट म्हणजे विजेच्या भोंग्यापुढे संकटच. भोंग्याचा आवाज पोटात शिरतो, पोट थरथरते, ते पुन्हा भोंग्यातून येते आणि सगळ्या हॉलभर घूं असा घुमारा उठतो. मग वादक भोंग्याच्या समोरून बाजूला सरकतो, खर्जाचा आवाज कमी करतो, एफच्या खाचांत फडके कोंबतो. वीस हजारांच्या गिटारीत जुना बनियन! रोजच्या धंद्याला पुष्कळ जण ई एस-१७५ पसंत करतात. १९४९ साली आलेली ही गिटार कोरीव लाकडाची नाही, प्लायवूडची आहे, म्हणून शौकीन नाक मुरडतात. पण ती घुमारा कमी देते, हवा बदलली तरी सहसा तडकत नाही, आणि जो पास यांच्यासारख्या वादकाला ती पुरली. माझे मत विचाराल तर कमावत्या माणसाने हीच घ्यावी.

आपल्या मुंबईचाही यात एक धागा आहे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा काळ्या वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला होता. तिथल्या नाचघरांत जॅझ शिकलेले गोव्याचे वादक पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. १९५१च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट हा गोवेकर होता. तेव्हा जॅझचा तो ठेका आपल्या कानावरून केव्हाच गेलेला आहे, नाव ठाऊक नव्हते इतकेच.

आपली काही मुले-मुली आज अमेरिकेत नोकरीला आहेत. त्यांच्यापैकी कुणाला हा छंद लागला तर दोन शब्द. मोठ्या नावामागे धावू नये. शिकागोच्या हार्मनी आणि के या कारखान्यांनी साध्या माणसांसाठी आर्चटॉप बनवल्या, त्या अजून काही शे डॉलरांत मिळतात. घेताना रंगापेक्षा मान पाहावी: ती पोटाकडे झुकली असेल तर दुरुस्तीचा खर्च गिटारीच्या किमतीएवढा होतो. पाठीला चीर आहे का ते हाताने चाचपावे. सगळ्या तारा एकदम काढू नयेत, घोडी जागेवरून हलते आणि मग सूर जुळता जुळत नाही. हिवाळ्यात घर तापवले की हवा कोरडी होऊन लाकूड तडकते, म्हणून खोलीत आर्द्रता पंचेचाळीस ते पन्नास टक्के राहील असे पाहावे. ती गिटार घेऊन इकडे पावसाळ्यात आलात तर उलटे संकट. देशाबाहेर नेताना तिच्यात ब्राझिलियन रोझवूड नाही ना, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. १९९२ पासून त्या लाकडावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि कागद नसेल तर सीमेवर गिटार अडकते. विमानात मात्र ती सामानात टाकू देऊ नये. युनियनने पाठपुरावा केल्यावर २०१२ साली अमेरिकेत कायदा झाला आहे: विमानात जागा असेल तर वाद्य वादकाबरोबर आत नेता येते. शहाणे वादक त्या कायद्याचे पान छापून गिटारीच्या पेटीतच ठेवतात आणि दारावरच्या कर्मचाऱ्याने हरकत घेतली की काढून पुढे करतात.