कसणाऱ्याचें नांव कोठें आहे?

प्रवराकांठच्या कोल्हारांत सरकारी मदत हवी तर प्रथम सातबारा दाखवावा लागतो. केंद्राचे वार्षिक 6000 रुपये 2019 पासून व राज्याचे तितकेच 2023 पासून जमीनधारकाच्या खात्यांत पडतात. ही दुसरी योजना तर शेजारच्या शिर्डीसच आरंभिली गेली. मध्यस्थ सुटला, हें आम्हांस मान्य. परंतु बी-खताचा खर्च व अवकाळीचा फटका सोसणारा वाटेकरी या हिशेबांत नाहींच. तो लेखी करारहि मागत नाहीं. मागेल तर पुढील सालीं जमीन मिळावयाची नाहीं. मालकास 1948 च्या कुळकायद्याचा धाक, वाटेकऱ्यास उपासमारीचा! कुळहक्क न देणारी, केवळ मदतीपुरती वार्षिक नोंद सरकारनें ग्रामसभेसमोर करावी. मालकाचें त्यांत कांहीं जात नाहीं. तसा ठराव कोल्हारच्या ग्रामसभेनेंच प्रथम करून धाडावा, अशी आमची सूचना आहे.