कादंबरी आणि साक्षीपुरावा

शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारलेला हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी पडद्यावर आला आणि आठच दिवसांत दिल्लीच्या साहित्य संमेलनात पंतप्रधानांनी त्याचा गौरवाने उल्लेख केला. १७ मार्चला नागपुरात दंगल उसळली, तीत एकाचा बळी गेला. या चित्रपटाने औरंगजेबाविषयीचा जनतेचा राग भडकला, असे दुसऱ्याच दिवशी खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले! कल्पित साहित्याला साक्षीपुराव्याचे मोल आले ते असे.

ही साक्षही सोयीपुरतीच घेतली जाते. संभाजीराजांचे हाल तेवढे सभांतून ऐकविले जातात. परंतु ज्या औरंगजेबाने १६८९ मध्ये त्यांना ठार करविले, त्याच्याच बंडखोर पुत्राला, शहाजादा अकबराला, त्यांनी १६८१ पासून आश्रय दिला होता. आणि त्यांच्याविरुद्ध कट रचणारे अण्णाजी दत्तो स्वराज्याचेच सचिव होते. दोन धर्मांचा सामना म्हणून ही कथा सांगावयाची, तर हे दोघेही अडचणीचे ठरतात.

दोष एकट्या उजव्यांचा नाही. ऐतिहासिक कादंबरीला सरंजामी ठरवून पुरोगाम्यांनी ती बाजूला सारली आणि तिचा प्रचंड वाचकवर्ग आयताच दुसऱ्यांच्या हवाली केला. तुळापूर आणि वढू बुद्रुक पुण्याहून फार दूर नाहीत. शहरातील कार्यकर्त्यांनी तेथे जाऊन गावकऱ्यांसमवेत ‘छावा’चे वाचन करावे, अकबराचा मजकूर न गाळता.