पितळ उघडं पडू द्या

"मूळ खोक्यासकट, रंग न दिलेलं, एकदाही न चालवलेलं." पितळी मॉडेल इंजिनाच्या जाहिरातीत हे शब्द आले की किंमत चढते. मला मात्र हल्ली ते वाचून चीड येते. रुळावर चालायला बनवलेली वस्तू एकदाही चालली नाही, हे कौतुक कधीपासून झालं हो?

माझं हे वेड ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1950च्या दशकापासून जपानमधले छोटे कारखाने अमेरिकन वाफेच्या इंजिनांच्या पितळी प्रतिकृती बनवू लागले. पत्रा कापून, हाताने डाग देऊन जोडलेल्या. पॅसिफिक फास्ट मेलसारखे आयातदार त्या अमेरिकेत विकत. पुढे येन महागला, काम कोरियात गेलं. बहुतेक एचओ मापाच्या, म्हणजे 1:87, आणि आत विजेची मोटर. पितळच का? प्लास्टिकला लागणारे पोलादी साचे थोड्याशा नगांसाठी परवडत नाहीत. पितळेत ते जमतं. (आणि मावशी, नाही, चिंचेने घासायचं नाही! वर पारदर्शक लेप असतो.)

तर दोन वर्षांपूर्वी मी असंच एक 'न चालवलेलं' मिकाडो घेतलं. नावाची गंमत म्हणजे, बाल्डविन कंपनीने 1897 साली जपानला पाठवलेल्या इंजिनांवरून या 2-8-2 चाकांच्या जातीला मिकाडो म्हणू लागले. म्हणजे नाव जपानचं, इंजिन अमेरिकेचं, मॉडेल पुन्हा जपानचं. असो. खोकं उघडलं आणि पितळ उघडं पडलं, अक्षरशः. आतला फोम विरघळून चिकट झाला होता आणि बॉयलरवरचा लेप खाऊन खाली काळे डाग पाडून बसला होता. गिअरमधलं ग्रीस मेणासारखं थिजलेलं. मोटर आणि गिअर जोडणारी रबरी नळी बोट लावताच तुटली. विकणारा खोटं बोलला नव्हता. खरंच कुणी चालवलं नव्हतं, म्हणून तर ही दशा! वर्षातून चार वेळा कुणी बाहेर काढलं असतं, तर फोम सडतोय हे दिसलं असतं की नाही?

तीन रविवार गेले. ग्रीस खरवडलं, नवी नळी घातली, मोटर बदलली. या जुन्या मॉडेलांत इंजिन एका रुळावरून वीज घेतं आणि टेंडर दुसऱ्या रुळावरून, आणि दोघांना जोडणारा दांडा ती मोटरपर्यंत पोचवतो. त्या दांड्याच्या खिळीवर थोडा मळ साचला की सगळं ठप्प. हे मला खोकं जपून कधीच कळलं नसतं.

संग्राहक म्हणतात, जुनी पितळी इंजिनं मुळात नीट चालतच नाहीत. थोडं खरं आहे. काही लंगडतात, काहींचे गिअर कॉफी दळल्यासारखे वाजतात. मग दुरुस्त करा ना! दुसरं म्हणणं, रंगाने कारागिरी झाकली जाते. अहो, पण सोनेरी इंजिन कुठल्या रुळावर धावलं? ती बिनरंगाची विकली जायची ती घेणाऱ्याने आपल्या आवडत्या रेल्वेचा रंग द्यावा म्हणून.

आणि शेवटी येतात पैसे. "चालवलंस तर उद्या किंमत पडेल." उद्या घेणार कोण? अमेरिकेतल्या मोठ्या रेल्वेंवरची वाफ 1960च्या सुमारास संपली. ज्यांनी ती लहानपणी डोळ्यांनी पाहिली ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. नव्या माणसाला हे वेड लागायचं तर त्याला इंजिन चालताना दिसायला हवं. पुण्यात कोथरूडच्या जोशी रेल्वे संग्रहालयात (ते 1998 साली सुरू झालं) पोरं डोळे विस्फारून बघतात ती धावत्या गाडीकडे. काचेमागच्या खोक्यासाठी कुठलं पोर हट्ट धरतं?

माझं मिकाडो आता काळं आहे. संग्राहकांच्या हिशोबात त्याची किंमत मी निम्मी केली असणार. परवा भाच्याने वळणावर जोरात सोडलं आणि ते घसरून आडवं झालं. काउकॅचर वाकला. भाच्याचा चेहरा इतकाला झाला. पकडीने सरळ केला आणि रेग्युलेटर पुन्हा त्याच्याच हातात दिला.