वर्गणीचा व्यवसाय आणि गळतीचा हिशेब : भारतीय क्लाउड सॉफ्टवेअरपुढील नवी कसोटी

चेन्नई/पुणे : सॉफ्टवेअर एकदाच विकून मोकळे होण्याऐवजी ते इंटरनेटवरून दरमहा वर्गणीने वापरायला देण्याच्या व्यवसायाला भारतात आता दोन दशके झाली आहेत. या काळात चेन्नई, बेंगळुरू, पुणे आणि मुंबई येथून अशा कंपन्या उभ्या राहिल्या, ज्यांच्या प्रणालींवर जगभरातील उद्योगांची ग्राहकसेवा, विक्री, करारपत्रे आणि हिशेब चालतात. परदेशी ग्राहकाच्या मागणीनुसार मनुष्यबळ पुरविणाऱ्या पारंपरिक आयटी उद्योगापेक्षा ही वाट वेगळी होती. येथे मालकी भारतात घडलेल्या उत्पादनाची होती आणि कमाई अभियंत्यांच्या तासांऐवजी त्या उत्पादनाच्या वापरावर ठरत होती.

परंतु हा व्यवसाय ज्या दोन खांबांवर वाढला, ते दोन्ही आता एकाच वेळी हलू लागले आहेत. पहिला खांब डॉलरमध्ये पैसे मोजणाऱ्या परदेशी ग्राहकाचा, तर दुसरा ग्राहकाकडील प्रत्येक कर्मचाऱ्यामागे आकारल्या जाणाऱ्या वर्गणीचा. त्यामुळे पुढील काही वर्षांत यापैकी कोणत्या कंपन्या टिकतील, हा प्रश्न केवळ गुंतवणूकदारांपुरता राहिलेला नाही. अभियंत्यांच्या रोजगाराशी, लहान व्यापाऱ्यांच्या खातेवह्यांशी आणि सरकारी कारभाराच्या सुरक्षिततेशीही तो जोडला गेला आहे.

एकाच शहरातून निघालेल्या दोन वाटा

या व्यवसायाची दोन ठळक प्रारूपे चेन्नईनेच घडविली. श्रीधर वेंबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘ॲडव्हेंटनेट’ या नावाने सुरू केलेली कंपनी २००९ पासून ‘झोहो’ या नावाने ओळखली जाते. तिने २००५ मध्ये ग्राहक व्यवस्थापनाची ऑनलाइन प्रणाली आणली आणि त्यानंतर हिशेब, ई-मेल, मनुष्यबळ व्यवस्थापन अशी उत्पादनांची मालिकाच उभी केली. बाहेरचे जोखीम भांडवल न घेता आणि शेअर बाजारात न उतरता कंपनीने नफ्यातूनच वाढ साधली. २०२२-२३ या आर्थिक वर्षात तिचा महसूल सुमारे ८,७०० कोटी रुपये, तर नफा २,८०० कोटी रुपयांहून अधिक होता. तेनकाशीजवळील मत्तलंपाराई या गावात उभारलेले कार्यालय आणि महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या तरुणांना घडविणारी स्वतःची प्रशिक्षणशाळा हीदेखील या कंपनीची ओळख ठरली. महानगरातील भाडे आणि पगार यांच्या स्पर्धेत न उतरता दीर्घकाळ तग धरण्याचा हा व्यवहारी मार्ग होता.

दुसरी वाट झोहोतूनच बाहेर पडलेल्या गिरीश मातृभूतम यांनी धरली. त्यांनी शान कृष्णसामी यांच्यासह २०१० मध्ये ‘फ्रेशडेस्क’ ही ग्राहकसेवा प्रणाली सुरू केली. पुढे ‘फ्रेशवर्क्स’ झालेल्या या कंपनीने जोखीम भांडवलाच्या बळावर वेगाने विस्तार केला आणि २२ सप्टेंबर २०२१ रोजी ती अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात सूचीबद्ध झाली. ३६ डॉलर दराने शेअर विकून कंपनीने १०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभारली. भारतातील शेकडो कर्मचारी त्यांच्याकडील शेअरमुळे कोट्यधीश झाल्याची तेव्हा देशभर चर्चा झाली.

त्यानंतरचा प्रवास मात्र सरळ राहिला नाही. शेअरचा भाव विक्रीच्या दरापेक्षा बराच खाली आला. मे २०२४ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारीपद डेनिस वुडसाइड यांच्याकडे गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने सुमारे १३ टक्के, म्हणजे जवळपास ६६० कर्मचाऱ्यांची कपात जाहीर केली. त्या वर्षी कंपनीचा महसूल घटला नव्हता. उलट तो वाढून ७२ कोटी डॉलरवर गेला होता. महसूल वाढत असतानाही कपात का करावी लागते, याचे उत्तर या व्यवसायाच्या अंतर्गत गणितात आहे.

गळतीचे गणित

दुकानदार माल विकतो तेव्हा पैसे हाती येऊन व्यवहार पूर्ण होतो. वर्गणीच्या व्यवसायात विक्रीच्या दिवशी कंपनी तोट्यात असते. जाहिरात, विक्री प्रतिनिधींचा पगार, प्रात्यक्षिके आणि विनामूल्य चाचणीचा काळ यांवरील खर्च आधीच झालेला असतो आणि त्याची भरपाई दरमहा थोडीथोडी होते.

एक साधा हिशेब मांडता येईल. ग्राहक महिन्याला १,००० रुपये देतो, त्यातील २०० रुपये सर्व्हर आणि साहाय्य सेवेवर जातात आणि हा ग्राहक मिळविण्यासाठी कंपनीने १२,००० रुपये खर्च केले आहेत, असे समजू. म्हणजे तो पंधरा महिने टिकला, तरच मूळ खर्च निघेल. त्याआधी तो गेला, तर प्रत्येक नवा ग्राहक कंपनीच्या तोट्यात भरच घालेल.

म्हणूनच या क्षेत्रात विक्रीइतकेच लक्ष गळतीकडे असते. दरमहा एक टक्का ग्राहक सोडून जात असतील, तर वर्षाअखेरीस १०० पैकी सुमारे ८९ ग्राहक उरतात. हेच प्रमाण तीन टक्के झाले, तर सुमारे ६९ उरतात. दोन टक्क्यांचा हा फरक महिन्याच्या ताळेबंदात किरकोळ दिसतो. वर्षभरानंतर मात्र एका कंपनीला ११ ग्राहकांची जागा भरून काढायची असते आणि दुसरीला ३१ ग्राहकांची. दुसऱ्या कंपनीचा विक्री विभाग कितीही धावला, तरी त्याची बरीचशी शक्ती गळक्या घागरीत पाणी ओतण्यात खर्ची पडते.

भांडवल स्वस्त होते तोवर ही गळती झाकली जात होती. करोना काळात व्याजदर तळाला असताना वाढीचा वेग हाच गुंतवणूकदारांचा मुख्य निकष होता. २०२२ पासून अमेरिकेत व्याजदर चढू लागले, तसा निकषही बदलला. वाढीबरोबर नफा दाखविण्याची अपेक्षा आली आणि नोकरकपातीची लाट त्यातूनच उसळली. बाहेरचे भांडवल न घेतलेल्या कंपन्यांवर हा दबाव तुलनेने कमी राहिला. त्यांचा वेग कमी असला, तरी त्यांना दर तिमाहीला कोणाला उत्तर द्यावे लागत नव्हते.

पुणे-मुंबईची वेगळी निवड

महाराष्ट्रातून पुढे आलेल्या कंपन्यांनी गळतीच्या प्रश्नाला आपापल्या परीने उत्तर शोधले. पुण्यात २००८ मध्ये सुरू झालेली ‘द्रुवा’ कंपन्यांच्या माहितीची क्लाउडवर सुरक्षित प्रत ठेवते. २००९ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुण्यात मोठे केंद्र असलेल्या ‘आयसर्टिस’ने बड्या उद्योगांच्या करारपत्रांचे व्यवस्थापन हा विषय निवडला. दोन्ही कंपन्यांचे मूल्यांकन २०१९ मध्ये १०० कोटी डॉलरच्या पुढे गेले. एखाद्या बहुराष्ट्रीय उद्योगाचे हजारो करार एकदा अशा प्रणालीत आले की, ती बदलणे खर्चिक आणि जोखमीचे ठरते. असा ग्राहक मिळविण्यास अनेक महिने लागतात, पण तो सहसा लवकर सोडून जात नाही.

मुंबईत २०११ मध्ये रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी सुरू केलेल्या ‘ब्राउझरस्टॅक’ने वेगळा धागा पकडला. संकेतस्थळे आणि ॲप निरनिराळ्या मोबाइलवर व ब्राउझरवर नीट चालतात का, हे तपासण्याची सोय ही कंपनी देते. तिचा ग्राहक म्हणजे स्वतः सॉफ्टवेअर तयार करणारा अभियंता. तो विक्री प्रतिनिधीची वाट पाहत नाही. उपयुक्त वाटले की कार्डाने पैसे भरून वापरू लागतो. सुरुवातीची वाढ स्वतःच्या कमाईवर साधलेल्या या कंपनीचे मूल्यांकन २०२१ मध्ये ४०० कोटी डॉलर झाले.

या सर्व यशांत एक गोष्ट समान आहे. कमाईचा मोठा भाग परदेशातून येतो, तर अभियंत्यांचा मोठा वर्ग भारतात असतो. डॉलरमधील उत्पन्न आणि रुपयातील खर्च यांतील अंतर हेच त्यांचे बळ होते. अमेरिकेच्या करनियमांनी त्यावरही मर्यादा आणली. २०२२ पासून अमेरिकेत नोंदणी असलेल्या कंपन्यांना परदेशात केलेल्या संशोधन-विकासाचा खर्च एकदम वजा करता येत नाही. सॉफ्टवेअर विकासासह हा खर्च १५ वर्षांत विभागून दाखवावा लागतो. जुलै २०२५ मध्ये देशांतर्गत संशोधनाला सवलत परत मिळाली, परदेशातील कामाला मिळाली नाही. मूळ कंपनी अमेरिकेत आणि अभियंते भारतात, अशी रचना असलेल्या उद्योगांना त्याची थेट झळ बसते.

घरची बाजारपेठ मोठी, पण अवघड

अशा वेळी देशांतर्गत बाजाराकडे वळावे, हा सल्ला सोपा वाटतो. कायद्यानेही त्या दिशेने रेटा दिला आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरू झालेली जीएसटीची ई-इनव्हॉइस पद्धत ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना लागू झाली. एप्रिल २०२३ पासून हिशेबातील प्रत्येक फेरबदलाची नोंद राखणारे सॉफ्टवेअर वापरणे नोंदणीकृत कंपन्यांना बंधनकारक आहे. वहीखात्यावर विसंबणाऱ्या उद्योजकालाही त्यामुळे संगणकीय प्रणालीची गरज भासू लागली.

तरीही भारतीय लघुउद्योजक दरमहा पैसे देण्यास सहजासहजी राजी होत नाही. एकदा पैसे मोजून घेतलेली वस्तू वर्षानुवर्षे वापरायची, हा त्याचा हिशेब आहे आणि संगणकावर बसविलेल्या ‘टॅली’सारख्या प्रणालींची मुळे त्याच सवयीत रुजली आहेत. शिवाय येथील ग्राहकाला बहुधा फोनवर, त्याच्या भाषेत आणि अनेकदा त्याच्या सनदी लेखापालामार्फत मदत लागते. अल्प वर्गणीत हा खर्च बसविणे कठीण जाते.

वसुलीचीही अडचण आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या नियमित वजावटीसाठी ग्राहकाची पूर्वसंमती आणि आगाऊ सूचना आवश्यक झाली. मोठ्या रकमेला दरवेळी ओटीपी द्यावा लागतो. पाच हजार रुपयांची ही मर्यादा जून २०२२ मध्ये १५ हजार करण्यात आली. ग्राहकाच्या नकळत खात्यातून पैसे जाऊ नयेत, हा नियमामागचा हेतू रास्तच आहे. पण वर्गणीवर चालणाऱ्या व्यवसायात ओटीपी न दिल्यामुळे राहून गेलेला भरणा हीदेखील गळतीच असते.

विश्वासाची नवी किंमत

जुलै २०२५ मधील एका घटनेने या चर्चेला वेगळे परिमाण दिले. रशियाच्या रोसनेफ्टची भागीदारी असलेल्या नायरा एनर्जी या भारतीय तेलशुद्धीकरण कंपनीवर युरोपीय संघाने निर्बंध लादले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबविल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. भारतात भारतीय कायद्यानुसार चालणाऱ्या उद्योगाचे ई-मेल दुसऱ्या भूभागातील निर्णयामुळे बंद पडू शकतात, हे मात्र त्यातून दिसून आले.

त्यानंतरच्या महिन्यांत स्वदेशी प्रणालींच्या वापराला सरकारी पातळीवरून चालना मिळाली. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये आपला ई-मेल झोहोवर नेल्याचे जाहीर केले. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ई-मेल झोहोच्या प्रणालीवर आल्याचेही त्याच सुमारास समोर आले. देशी कंपन्यांसाठी ही मोठी संधी असली, तरी सरकारी पाठबळाने आलेला ग्राहक आणि उत्पादनाच्या गुणवत्तेमुळे टिकलेला ग्राहक यांत फरक असतो. एकाच खासगी कंपनीवर इतका भार टाकताना स्वतंत्र सुरक्षा तपासणी आणि गरज पडल्यास माहिती दुसरीकडे हलविण्याची सोय यांची हमी लागेल. देशी कंपनीवरील विश्वासालाही पडताळणीची जोड हवी.

वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या कायद्यात कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे आणि मुख्य जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर आहे. त्यामुळे रुग्णालये, बँका, शाळा आपल्या क्लाउड पुरवठादारांकडून कडक करार मागतील. ज्या लहान कंपन्यांनी सुरक्षेवरचा खर्च आजवर पुढे ढकलला, त्यांना तो आता करावा लागेल.

खुर्च्या कमी झाल्या तर?

सर्वांत मूलभूत आव्हान कृत्रिम बुद्धिमत्तेचे आहे. ग्राहकसेवेच्या केंद्रात १०० कर्मचारी असतील, तर १०० वर्गण्या, असे या व्यवसायाचे सूत्र होते. तक्रारींची उत्तरे यंत्रच देऊ लागले आणि कर्मचारी ६० वर आले, तर प्रणाली अधिक उपयुक्त होऊनही तिचे उत्पन्न ४० टक्क्यांनी घटेल. म्हणूनच दराचा पाया बदलू लागला आहे. अमेरिकेच्या सेल्सफोर्सने २०२४ मध्ये आपल्या स्वयंचलित सहायकासाठी प्रतिसंभाषण दोन डॉलर असा दर जाहीर केला होता. इंटरकॉमने प्रत्येक सुटलेल्या तक्रारीमागे ९९ सेंट आकारण्यास सुरुवात केली.

या बदलाला दुसरी बाजूही आहे. जुन्या पद्धतीत ग्राहक वाढला, तरी सर्व्हरचा खर्च फारसा वाढत नसे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रत्येक उत्तरामागे मात्र संगणनाचा खर्च येतो आणि तो बहुधा परदेशी प्रारूप-पुरवठादारांना द्यावा लागतो. भारतीय अभियंत्याच्या कमी खर्चाचा फायदा येथे मिळत नाही. केवळ स्वस्त पर्याय ही ज्या कंपन्यांची ओळख होती, त्यांची अडचण त्यामुळे अधिक आहे. ज्यांच्याकडे ग्राहकाची वर्षानुवर्षांची कामकाजाची माहिती आणि त्या उद्योगाचे सखोल ज्ञान आहे, त्यांना तुलनेने अवकाश आहे. करारपत्रे, करभरणा, माहितीचे जतन अशा चुकीला क्षमा नसलेल्या क्षेत्रांत हे अधिक लागू पडते.

डिसेंबर २०२१ मध्ये रेटगेन आणि ऑगस्ट २०२४ मध्ये युनिकॉमर्स मुंबईच्या बाजारांत सूचीबद्ध झाल्या. त्यामुळे या क्षेत्राचे ताळेबंद आता सामान्य भारतीय गुंतवणूकदाराच्याही हाती आले आहेत. ते वाचताना नव्या ग्राहकांच्या आकड्यापेक्षा दोन नोंदी अधिक महत्त्वाच्या ठरतील : गेल्या वर्षीच्या ग्राहकांनी यंदा किती पैसे दिले आणि त्या प्रत्येक रुपयातील किती भाग संगणनाच्या खर्चात गेला. पहिला आकडा घटत आणि दुसरा वाढत असेल, तर नव्या ग्राहकांच्या घोषणांनी तो ताळेबंद सावरणार नाही.