फ्रीज घरचा, फ्रीझर दुकानाचा

नाशिकच्या इंदिरानगरात राहणारे आणि रविवार कारंजाजवळ दुकान चालवणारे एक कुटुंब कल्पनेत आणावे. असे घर शोधायला दूर जावे लागणार नाही. इंदिरानगरच्या बोगद्यातील कोंडीत रोज सकाळी गावाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या स्कूटरींपैकी एखादी तरी अशा घरची असतेच. या कुटुंबाने उन्हाळ्याच्या तोंडावर एकाच दिवशी, एकाच विक्रेत्याकडून दोन वस्तू घेतल्या. एक फ्रीज घरासाठी, आणि एक डीप फ्रीझर दुकानात लस्सी, श्रीखंड, आइस्क्रीम ठेवून विकण्यासाठी. मे महिना उजाडेपर्यंत दोन्ही बंद पडले. विक्रेता म्हणाला, कंपनीला फोन करा. कंपनीचा माणूस तीनदा आला, तीनदा काहीतरी जोडून गेला, आणि चौथ्या वेळी त्याने फोन उचलणे बंद केले.

अशा प्रसंगी व्यापारी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते: आपण स्वतः दुकानदार, आपण कसली ग्राहक म्हणून तक्रार करायची? ज्येष्ठ मंडळी हे समजूतदारपणे म्हणतात, त्यात धंद्यातील परस्परांच्या अडचणींची जाणीव असते. पण कायद्याच्या दृष्टीने हे वाक्य अर्धेच खरे आहे. फ्रीजबाबत ते चूक आहे आणि फ्रीझरबाबत बहुधा बरोबर आहे. एकाच दुकानातून, एकाच दिवशी आलेल्या दोन वस्तूंचे मार्ग असे का फुटतात, हे प्रत्येक पेढीवर ठाऊक असायला हवे. कारण ते ठाऊक नसल्याने चुकीच्या दारात पाच-पाच वर्षे गेल्याची उदाहरणे आहेत.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि १९८६ चा जुना कायदा त्याने बाजूस सारला. १९८६ चा कायदा झाला त्यामागे जी चळवळ होती तिची मुळे महाराष्ट्रात खोल गेलेली होती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, आणि दुसऱ्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ करून एकत्रित खरेदीची रीत घातली. २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो तो १९८६ च्या कायद्याच्या तारखेवरून. मात्र जुन्या कायद्यात होती तशीच नव्या कायद्यातही एक रेघ आहे: जो पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेतो, तो ‘ग्राहक’ नव्हे.

या रेघेचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने ४ एप्रिल १९९५ रोजी ‘लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स’च्या निकालात उलगडून सांगितला. प्रकरण महाराष्ट्रातलेच. पुण्याच्या उद्योग संचालनालयाकडे लघुउद्योग म्हणून नोंदलेला हा एका मालकाचा कारखाना. मालक स्वतः अभियांत्रिकीचे पदविकाधारक. त्यांनी कर्ज काढून १९९० साली २१ लाख रुपयांचे एक यंत्र कोइमतूरहून मागवले. ते सहा महिने उशिरा आले आणि सदोष निघाले, अशी त्यांची तक्रार होती. महाराष्ट्र राज्य आयोगाने त्यांना २ लाख ४८ हजार रुपये देवविले. राष्ट्रीय आयोगाने तो निर्णय फिरवला, कारण यंत्र व्यापारी प्रयोजनासाठी घेतले होते. आणि सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. यंत्र चांगले की वाईट, हा प्रश्न शेवटी निकालात आलाच नाही. न्यायालयाने एवढी मुभा दिली की दिवाणी दावा लावल्यास आयोगापुढे गेलेला काळ मुदतीतून वगळण्याची मागणी करता येईल. म्हणजे पाच वर्षांनंतर पुन्हा पहिली पायरी.

त्याच निकालाने लहान धंदेवाईकांसाठी एक दार मात्र उघडे असल्याचे दाखवून दिले. १९९३ च्या दुरुस्तीने कायद्यात असे स्पष्टीकरण घातले गेले होते की, केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी प्रयोजनात मोडत नाही. न्यायालयाने रिक्षा, टंकलेखन यंत्र, लेथ अशी साधी उदाहरणे दिली. स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक ठरतो. दुसऱ्याला चालवायला देण्यासाठी घेणारा ठरत नाही. मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून ग्राहकपण जात नाही. तेव्हा दुकान म्हणजे नवरा-बायकोने मिळून चालवलेली टपरीवजा जागा असेल, तर त्यांचा फ्रीझर या दारातून आत येऊ शकतो. चार नोकर, दोन गोदामे आणि तीन शाखा असलेल्या पेढीचा येणार नाही.

पुढील तीस वर्षांत ही रेघ व्यापाऱ्यांच्या बाजूने काहीशी सरकली आहे, आणि हे अनेकांच्या लक्षात आलेले नाही. मुंबईच्या लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टने १९९५ मध्ये परिचारिकांच्या निवासासाठी २९ सदनिका घेतल्या होत्या. बांधकाम निकृष्ट असल्याने २००२ पर्यंत त्या रिकाम्या कराव्या लागल्या, असे ट्रस्टचे म्हणणे होते. रुग्णालय शुल्क आकारते, म्हणून ही खरेदी व्यापारी, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये तो नाकारला. खरेदीचा नफ्याशी थेट आणि निकटचा संबंध आहे काय आणि तिच्यामागील प्रमुख हेतू कोणता, हे पाहावे. घेणारा कोण आहे एवढ्यावरून ठरवू नये, असे न्यायालयाने म्हटले.

एप्रिल २०२३ मधील ‘हरसोलिया मोटर्स’चा निकाल तर गोदाम असलेल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. गुजरातमधील या व्यावसायिकाचे २००२ च्या दंगलीत जाळपोळीने नुकसान झाले होते. आगीचा विमा होता, पण दाव्यावरून वाद झाला आणि विमा कंपनीने ‘तुम्ही व्यापारी, ग्राहक नव्हे’ हा पवित्रा घेतला. न्यायालयाने सांगितले की विमा नफा मिळवण्यासाठी घेतला जात नाही, झालेली हानी भरून निघावी म्हणून घेतला जातो. त्यामुळे व्यापारी पेढीसुद्धा विमा कंपनीविरुद्ध ग्राहक म्हणून उभी राहू शकते. हे ठरायला एकवीस वर्षे गेली, ही गोष्ट निराळी. पण ती एकवीस वर्षे आता दुसऱ्या कोणाची जायला नकोत.

मोटारीचेही तसेच. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या नावे घेतलेल्या पण संचालकाच्या वैयक्तिक वापरातील मोटारीची खरेदी व्यापारी प्रयोजनाची ठरत नाही, असे मानले. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यातील दुसऱ्या एका निकालाने पुराव्याचा भार कोणावर हेही स्पष्ट केले: खरेदी व्यापारी हेतूने झाली असे सामनेवाल्याचे म्हणणे असेल, तर ते सिद्ध करणे हे सामनेवाल्याचेच काम.

तरीही बिल कोणाच्या नावे फाडले, याला महत्त्व उरतेच. घरचा फ्रीज पेढीच्या जीएसटी क्रमांकावर घेण्याची सवय सर्रास आढळते. वैयक्तिक वापराच्या वस्तूवर इनपुट टॅक्स क्रेडिट मुळात मिळतच नाही. आणि ते घेतले गेले असेल तर उद्या आयोगापुढे सामनेवाल्याचा वकील नेमका तोच कागद पुढे करील. घरचे बिल घरच्या माणसाच्या नावे, दुकानाचे दुकानाच्या नावे, ही शिस्त वहीखात्यासाठी जितकी आवश्यक तितकीच तक्रारीसाठीही.

आता फ्रीजच्या तक्रारीची वाट. आधी विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही लेखी कळवावे. ते ई-मेलने किंवा नोंदणीकृत टपालाने असावे. फोनवरील संभाषण आयोगापुढे टिकत नाही. दुरुस्तीला आलेल्या माणसाकडून प्रत्येक वेळी जॉबशीट घ्यावी आणि तीवर दोष काय सांगितला हे वाचूनच सही करावी. ‘चेक केले, ओके’ एवढ्यावर घाईत केलेली सही पुढे फार महागात पडते. वस्तू गल्लीतल्या कारागिराकडून उघडून घेऊ नये, भंगारातही देऊ नये. दोष उघड दिसणारा नसेल तर आयोग नमुना मोहरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि तपासायला वस्तूच नसेल तर तक्रार लंगडी होते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे नोंदवलेली तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि बरीच किरकोळ प्रकरणे तेथेच मिटतात. तेथे मिटली नाहीत तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. वस्तूसाठी प्रत्यक्ष मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क काहीच नाही. वकील देण्याची सक्ती नाही. ‘ई-जागृती’ या शासकीय संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते.

नव्या कायद्याची सर्वांत मोठी सोय मात्र वेगळीच आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेच त्याला तक्रार करता येते. कंपनी बंगळूरची असो की गुरुग्रामची, ऑनलाइन मागवलेल्या वस्तूसाठी इंदिरानगरच्या माणसाने नाशिकच्या आयोगाकडे जावे. उत्तर द्यायला कंपनीने नाशिकला यावे. पूर्वी सामनेवाल्याच्या गावी जाण्याच्या धास्तीनेच निम्मे लोक गप्प बसत.

मुदत दोन वर्षांची आहे, तक्रारीचे कारण घडल्यापासून. कंपनी ‘पाहतो, करतो’ म्हणत असताना ही दोन वर्षे थांबून राहत नाहीत. सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. या ४५ दिवसांपलीकडे सवलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये बजावले आहे. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत द्यावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे तक्रारदाराने मनाशी धरूनच आयोगाची पायरी चढावी. आदेश झाल्यावरही तो न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे आदेश कागदावर राहत नाही.

सेवेतील त्रुटींनाही हाच मार्ग आहे. इंदिरानगरसारख्या, सोसायट्यांनी भरलेल्या वस्तीत गळके छत, न मिळालेले वाहनतळ, रखडलेला ताबा ही दुखणी घरोघरची. बांधकाम व्यावसायिकाविरुद्ध महारेराकडे जाण्याची सोय असली तरी ग्राहक आयोगाचे दार त्यामुळे बंद होत नाही.

आणि दुकानाचा फ्रीझर? त्यासाठी दिवाणी न्यायालय. विकत घेणाऱ्याने उपयोग सांगितला असेल तर वस्तू त्या उपयोगास योग्य असावी, ही अट वस्तुविक्रय अधिनियम, १९३० मध्ये गृहीतच आहे. व्यापारी वादाची रक्कम तीन लाखांपेक्षा कमी नसेल तर वाणिज्यिक न्यायालयाचा मार्ग असतो, आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. एका फ्रीझरसाठी एवढे कोण करणार? बहुतेक जण करत नाहीत. म्हणून दुकानाची यंत्रे घेताना वॉरंटीच्या अटी, बदलून देण्याची मुदत आणि दुरुस्तीचा कालावधी ऑर्डर देतानाच लिहून घ्यावा. घरच्या खरेदीत कायदा जे संरक्षण आपोआप देतो, ते धंद्याच्या खरेदीत करारानेच मिळवावे लागते.

हे सारे काउंटरच्या एका बाजूचे झाले. दुसऱ्या बाजूला तेच कुटुंब विक्रेता म्हणून बसलेले असते. तेथे कायदा काय मागतो हे फारसे नवे वाटू नये. तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमी-जास्त मापे आणि नकली मालाचा व्यवहार यांची गणना केव्हाच केलेली आहे. २०१९ च्या कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. उत्पादनातील दोषामुळे कोणाला इजा झाली किंवा नुकसान झाले, तर एरवी जबाबदारी उत्पादकाची. परंतु विक्रेत्याने वस्तूत फेरफार केला असेल, स्वतःच्या तोंडाने वेगळी हमी दिली असेल, उत्पादकाने दिलेली धोक्याची सूचना पुढे पोहोचवली नसेल, किंवा उत्पादक कोण हेच सांगता येत नसेल, तर भार विक्रेत्यावर येतो. हा शेवटचा मुद्दा बिनानावाचा माल ठेवणाऱ्यांसाठी विशेष गंभीर आहे. खरेदीची बिले जपून ठेवण्याचे आयकराखेरीज हेही एक कारण.

राहता राहिले बिलाच्या तळाशी छापलेले ते जुने वाक्य: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ सदोष मालाबाबत हे वाक्य दुकानाचे रक्षण करीत नाही. उलट तक्रारदाराच्या हाती ते विक्रेत्याविरुद्धचा पुरावा देते. सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठीची मुदत विक्रेत्याने बिलावर स्वतः लिहावयाची आहे. लिहिली नसेल तर कायदा ती तीस दिवसांची धरतो. नवी बिलबुके छापायला टाकण्यापूर्वी एवढी एक ओळ बदलून घेता येईल.