कोऱ्या डायरीवर सही नको

आवणीच्या दिवसांत कृषी महाविद्यालयांची शेवटच्या वर्षाची मुलं-मुली गावोगाव येतात. आपण त्यांना कृषिदूत, कृषिकन्या म्हणतो. तळेघर भागातल्या सरपंचांनी आणि शेतकऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे, ही सहल नव्हे. पाचव्या डीन समितीच्या २०१६ च्या अभ्यासक्रमात या कार्यानुभवाला २० क्रेडिट ठरली. क्रेडिट म्हणजे तासांचा हिशेब. सत्रभर दर आठवड्याला एक तास वर्ग, तेव्हा कुठं एक क्रेडिट; प्रात्यक्षिकाला तास याहून जादा. कॉलेजात हे मास्तर मोजतात. गावात कोण मोजणार? आपलीच सही.

मी पाहिलंय, महिन्याची पानं एकदम पुढं सरकवतात आणि चहा होईतो शिक्के मारून मोकळे! पोरगं खाचरात उतरलेलंच नसतं. उद्या तेच कृषी खात्यात लागून तुम्हाला चारसूत्रीची १५-२५ सेंटिमीटरची जोडओळ शिकवणार.

सही रोजच्या रोज करा, तारीख घालून. आधी ज्याच्या शेतावर काम झालं त्याची, मग ग्रामपंचायतीची. पावसानं काम बंद राहिलं तर तसंच लिहा; भीमाशंकरच्या अंगाला असे दिवस पुष्कळ. आणि पोरगं आवणीला खरंच आलं, तर बांधावर उभं ठेवू नका. दोरीचं एक टोक त्याच्या हाती द्या.