न आलेल्या उत्तराचा अर्थ

तुरुंगातील कैद्यांशी पत्रव्यवहार करण्याचे उपक्रम अमेरिकेत अनेक संस्था चालवितात. सहृदय नागरिक एका अनोळखी कैद्याला लिहू लागतो. उत्तर येते ते दोन ओळींचे, किंवा येतच नाही. मग त्याचा हिरमोड होतो. ‘आपण एवढ्या आपुलकीने लिहितो, त्याला काहीच कसे वाटत नाही?’ या प्रश्नात दात्याचा अहंकार दडलेला असतो.

कैद्याच्या अनिच्छेची कारणे त्याच्या स्वभावात शोधण्यापूर्वी त्याच्या परिस्थितीत शोधली पाहिजेत. त्याचे पत्र परक्या डोळ्यांखालून जाते. पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ साली कैद्यांचे खाजगी टपाल फ्लोरिडातील एका कंपनीकडे वळविले. मूळ कागदाऐवजी कैद्याच्या हाती छायाप्रत पडू लागली. अनेक राज्यांत इलेक्ट्रॉनिक संदेशांचा व्यवहार खाजगी कंपन्यांकडे असून दर संदेशाला पैसे मोजावे लागतात. उलट टेक्सास, जॉर्जिया यांसारख्या राज्यांत तुरुंगातील नेहमीच्या कामाला मजुरीच नाही. ज्याच्या श्रमाला दाम नाही, त्याच्या शब्दावर मात्र नफा उकळला जातो. अशा माणसाने लिहिण्यास कचरावे, यात नवल ते काय?

तुरुंगातील पत्राचे मोल समाजवादी चळवळीला सांगावयास नको. आणीबाणीत मधू दंडवते बंगलोरच्या तुरुंगात, तर प्रमिलाताई येरवड्यात होत्या. दोन तुरुंगांमधला दुवा पत्रांचाच होता. परंतु त्यांच्यामागे पक्ष होता, विचार होता. २०२२ च्या अखेरीस भारतातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसे होती आणि त्यांतील दर चारांपैकी तिघे कच्चे कैदी होते. त्यांतील बहुसंख्यांमागे ना पक्ष, ना वृत्तपत्र. ज्याचा खटलाच निकालात निघालेला नाही, त्याला आपला शब्द आपल्याच विरुद्ध वापरला जाईल ही धास्ती असणारच.

म्हणून कैद्याला लिहू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्याने काही पथ्ये पाळावीत. गुन्ह्याविषयी विचारू नये. पाळता येणार नाही असे आश्वासन देऊ नये. उपदेश करू नये. आणि उत्तराचा तगादा तर मुळीच लावू नये. तुरुंगाने त्याचे बाकी सर्व निर्णय काढून घेतले आहेत. बोलावे की गप्प राहावे, एवढाच त्याच्या हाती उरला आहे. स्नेहाच्या नावाखाली तोही काढून घेणे ही दुसरी कैदच ठरेल.

उत्तर आले नाही तरी पुढचे पत्र ठरल्या दिवशी गेले पाहिजे. बंधुभावाची हीच कसोटी आहे.